त्याग कुणाच्या खात्यातला?

बाबांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक छोटी स्मरणिका काढायचं ठरवलं. ‘मुलाच्या नजरेतून सर’ या मथळ्याखाली मी दोन पानं लिहावीत, असा त्यांचा आग्रह होता. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रोजचं काम कोड लिहिण्याचं आणि दुसऱ्यांनी लिहिलेला कोड समजून घेण्याचं. दोन पानं म्हणजे एका शनिवारचं काम, असं समजून हो म्हटलं. तीन महिने गेले तरी पहिल्या परिच्छेदापुढे गाडी सरकेना.

अडत होतं ते एका वाक्यापाशी. शोकसभेत निदान चार जणांनी ते उच्चारलं होतं : “सरांनी कधी संसाराकडे पाहिलं नाही.” म्हणणाऱ्यांचा आवाज प्रत्येक वेळी भरून आला होता. पहिल्या रांगेत आई बसली होती. वाक्य आलं की ती पदर सारखा करायची. मी तिच्या शेजारी होतो, आणि माझ्या मनात एकच प्रश्न होता : मग कुणी पाहिलं?

बाबा वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये एकतीस वर्षं शिक्षक होते. समुद्रपूर, देवळी, सेलू अशा तालुक्यांत त्यांच्या बदल्या झाल्या. शाळा सुटली की व्हरांड्यात पाचवीच्या मुलांना बसवून ते सेलूकाट्याच्या नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घ्यायचे, फुकट. गावात रात्री-बेरात्री कुणी आजारी पडलं की त्याला मोटरसायकलवर मागे बसवून सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात पोचवायचे. पुढे कापसाच्या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढत गेल्या, तसं तिसरं काम त्यांच्यामागे लागलं. गेलेल्या माणसाच्या घरी जायचं आणि एक लाखाच्या मदतीची कागदपत्रं जुळवायची. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. सात-बारा कुणाच्या नावावर आहे, कर्ज बँकेचं, सोसायटीचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, यावर मृत्यू ‘पात्र’ ठरतो की ‘अपात्र’ हे अवलंबून असतं. जमीन म्हाताऱ्या बापाच्या नावावर आणि कसणारा मुलगा गेला, की प्रकरण अडकतं. बाबा तलाठ्याकडे, तहसीलमध्ये, बँकेत खेटे घालायचे. ज्या घरातला माणूस गेला आहे, त्या घराला शासनाच्या मराठीत अर्ज लिहिता येत नाही, आणि आपल्याला येतो, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

या सगळ्याचा मला अभिमान आहे. रागही आहे. दोन पानांत यांपैकी एकच बसत होतं.

*

वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला अशा माणसांची तोटा नसतो. शाळेची सहल सेवाग्रामला जाते, नाहीतर धाम नदीकाठी विनोबांच्या पवनारला. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम उभी राहिली. हात, डोकं आणि हृदय एकत्र शिकलं पाहिजे, आणि शिक्षण एखाद्या उत्पादक कामातून व्हायला हवं, हा तिचा गाभा. आम्हांला ते ‘सामान्य ज्ञान’ म्हणून पाठ होतं. त्या माणसांना घरं होती, बायका-मुलं होती, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

बाबांचा आदर्श गांधी नव्हते, विनोबाही नव्हते. विनोबा ब्रह्मचारी. “त्यांचं जमलं, त्यांना किराणा नव्हता आणायचा,” असं बाबा हसून म्हणायचे. त्यांचे आदर्श होते ठाकुरदास बंग. १९१७ साली जन्मलेले बंग वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत. १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेले. सुटून आल्यावर अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट करायची तयारी झाली, आणि निघण्यापूर्वी आशीर्वाद घ्यायला ते गांधीजींकडे गेले. अर्थशास्त्र शिकायचं असेल तर अमेरिकेत नको, भारतातल्या खेड्यात जा, असं गांधीजींनी त्यांना सांगितलं. बंगांनी अमेरिका सोडली आणि काही विद्यार्थ्यांना घेऊन खेड्यात राहायला गेले. हा प्रसंग त्यांचे चिरंजीव डॉ. अभय बंग यांनी अनेकदा सांगितला आहे. पुढे भूदान, सर्वोदय, ग्रामस्वराज्य यांत ठाकुरदासजींचं सगळं आयुष्य गेलं. २०१३ च्या जानेवारीत ते वारले तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते.

बाबा ही गोष्ट वर्गात सांगायचे. मी त्याच शाळेत होतो, त्यामुळे किती वेळा ऐकली याचा हिशोब नाही. प्रत्येक वेळी ती ‘आणि त्यांनी अमेरिकेला जायचं रद्द केलं’ या ठिकाणी संपायची. मुलं टाळ्या वाजवायची.

मोठा झाल्यावर त्या गोष्टीचा पुढचा भाग मला हवासा वाटू लागला. ज्या घराचा कर्ता माणूस असा निर्णय घेतो, त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं?

बंगांच्या बाबतीत या प्रश्नाचं निदान थोडं उत्तर डोळ्यांसमोर आहे. सुमनताई बंग नवऱ्याच्या कामाच्या सावलीत बसलेल्या नव्हत्या. त्या स्वतः कार्यकर्त्या होत्या, स्त्रियांमध्ये त्यांनी स्वतःचं काम उभं केलं, आणि वर्ध्याची ‘चेतना विकास’ ही संस्था त्यांच्या नावानं ओळखली जाते. मुलगा अभय सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शिकला. शेत, स्वयंपाकघर, सफाई हाच तिथला अभ्यासक्रम होता. म्हणजे बापाचं सार्वजनिक काम आणि मुलाचं रोजचं जगणं यांच्यामध्ये भिंत नव्हती. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. बापानं नाकारलेल्या अमेरिकेत मुलगा शिकायला गेला. अभय बंगांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि परत येऊन १९८६ पासून डॉ. राणी बंगांसोबत गडचिरोलीत काम सुरू केलं. बापाचा नकार मुलावर सक्तीचा झाला नाही, आणि वारसा तरीही पुढे गेला.

त्या घरात कधी भांडणं झाली, कुणाला काय सोसावं लागलं, हे बाहेरच्यानं बोलू नये. पण घराची रचना बाहेरूनही दिसते. त्या घरात एकट्या बापाचा त्याग नव्हता. प्रत्येकाचं काही ना काही काम होतं.

*

सगळीकडे असं झालं नाही. ज्या गांधीजींनी बंगांना खेड्याकडे वळवलं, त्यांच्याच घरातली जुनी गोष्ट पाहा. दक्षिण आफ्रिकेत असताना डॉ. प्राणजीवन मेहता यांनी गांधीजींच्या एका मुलाचा विलायतेतल्या शिक्षणाचा खर्च देऊ केला होता. थोरल्या हरिलालला जायचं होतं. गांधीजींनी ती संधी आपल्या मुलाऐवजी दुसऱ्याला दिली. नैतिकदृष्ट्या हा निर्णय किती चोख आहे! स्वजनांना झुकतं माप नाही. १९११ मध्ये हरिलाल बापापासून वेगळे झाले आणि ते नातं पुन्हा कधीच सांधलं नाही. मुलांच्या शिक्षणाबद्दल त्यांच्या मनात तक्रार आहे, हे गांधीजींनी आत्मचरित्रात लपवलेलं नाही.

महर्षी कर्व्यांचं घर पाहा. फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, पुण्याजवळच्या हिंगण्याला विधवांसाठी आश्रम, आणि घरी चार तोंडं. कर्व्यांनी आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. बाया कर्वे चिडल्या. बाया म्हणजे कुणी कामाचं मोल न कळणारी बाई नव्हे. त्या स्वतः विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या, १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह करून समाजाचा बहिष्कार त्यांनीही सोसला होता, आणि आश्रमासाठी पुढे त्यांनी पैसेही गोळा केले. त्यांचा प्रश्न साधा होता : आमच्या मुलांचं काय? त्यांच्या आठवणींचं पुस्तक ‘माझे पुराण’ नावानं आहे. बाबा आमट्यांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. साधनाताईंनी आपल्या आत्मकथेला नाव दिलं ‘समिधा’. यज्ञ होतो, तेज दिसतं, आणि त्यात जळणाऱ्या काटक्यांना हे नाव आहे. साधनाताईंनी ते अभिमानानं निवडलं असेल. तरी ते नाव वाचताना मी दर वेळी थबकतो.

यातली सगळ्यांत जुनी गोष्ट आपल्या घराघरांत आहे. तुकोबांनी मिळालेला ऊस वाटेत मुलांना वाटून टाकला, एकच कांडं उरलं, आणि बायकोनं ते त्यांच्याच पाठीत मारलं, ही लोककथा. आपण ती हसत सांगतो. तुकोबांची क्षमा, तुकोबांची शांती. दुष्काळ पाहिलेल्या घरात चूल पेटवायची जबाबदारी असलेल्या त्या बाईच्या बाजूनं ही कथा कुणी सांगत नाही. तिला आपण परंपरेनं कजाग ठरवून टाकलं आहे. तीच बाई भाकरी घेऊन भंडाऱ्याच्या डोंगरावर त्यांना शोधत जायची, हेही त्याच परंपरेनं जपलेलं आहे.

सुझन वुल्फ या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंचा ‘मॉरल सेंट्स’ नावाचा १९८२ चा निबंध आहे. नैतिकदृष्ट्या सर्वार्थानं परिपूर्ण असा माणूस होणं, हे आपण स्वतःसाठी किंवा आपल्या जिवलगांसाठी मागावं असं ध्येय नाही, असा त्यांचा मुद्दा. निबंध वाचताना मी जोरजोरानं मान हलवत होतो. मग लक्षात आलं की हे उत्तर माझ्या कामाचं नाही. बाबा परिपूर्ण नव्हते. ते चिडायचे, क्रिकेट बघायचे, तर्री-पोह्यांसाठी वाट वाकडी करायचे. ते संत असते तर सोपं झालं असतं. ते गृहस्थ होते. संन्याशी जे देतो ते त्याचं एकट्याचं असतं. गृहस्थ जे देतो त्यावर आणखी तीन जणांची नावं असतात.

*

आता माझ्या रागाची गोष्ट सांगतो. मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. लॅपटॉपसाठी घरात तीस हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. दिवाळीच्या सुटीत घेऊन यायचा असं ठरलं होतं. सुटीत घरी आलो तर पैसे नव्हते. बाबांची एक जुनी विद्यार्थिनी, तिला नर्सिंगला जागा मिळाली होती, फी भरायचा शेवटचा दिवस होता, आणि तिच्या घरी वर्षापूर्वीच बाप गेला होता. बाबा म्हणाले, “तुझं कॉलेजच्या लॅबमध्ये भागेल. तिची सीट आज गेली असती तर परत आली नसती.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. लॅब संध्याकाळी साडेपाचला बंद व्हायची. मी मित्राच्या लॅपटॉपवर तो झोपल्यानंतर प्रोजेक्ट करायचो. दीड वर्ष मी बाबांशी कामापुरतंच बोललो. ती मुलगी आज नर्स आहे. शोकसभेला आली होती, आईच्या गळ्यात पडून रडली. तिच्यावर राग धरणं मला कधीच जमलं नाही.

स्मरणिकेचा मजकूर अडला होता, म्हणून मध्यंतरी वर्ध्याला गेलो तेव्हा आईजवळ हा विषय काढला. म्हटलं, माझ्या लॅपटॉपचे पैसे बाबांनी देऊन टाकले, हे लिहू का? आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तुह्ये कुठचे होते? माह्या भिशीचे होते.”

आठ वर्षं मी त्या पैशांना ‘माझे’ म्हणत होतो. शोकसभेतले लोक त्यांना ‘सरांचे’ म्हणत होते. ते आईचे होते. मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी, दोन वर्षं दर महिन्याला घरखर्चातून वाचवून भरलेली. मी विचारलं, मग तुला राग नाही आला? ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मले इचारलं असतं त म्या देल्लेच असते. पण मंग ते म्या देल्ले असते.”

मला वाटतं, या विषयावर मी वाचलेल्या सगळ्यापेक्षा हे वाक्य पुढचं आहे. आपण समजतो की सेवाभावी माणसाच्या घराचं नुकसान म्हणजे पैसा, वेळ, लक्ष. ते होतंच. पण त्याहून मोठी गोष्ट जाते ती देण्याचा अधिकार. घरातल्या माणसाला विचारलं तर तो देणारा होतो. न विचारता घेतलं तर त्याच तीस हजारांत तो फक्त ज्याचं गेलं तो उरतो. मुलीची फी दोन्ही वेळा भरली जाते. पुण्य मात्र एका वेळी दोघांचं होतं आणि दुसऱ्या वेळी एकाचंच, तेही दुसऱ्याच्या पैशांनी.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, टेक्निकल डेट. मुदत गाठायची म्हणून आज कोडमध्ये सोयीचा शॉर्टकट मारायचा, नीट करायचं काम पुढे ढकलायचं. कर्ज काढणारा माणूस शाबासकी घेऊन दुसऱ्या प्रोजेक्टवर जातो. फेडतो तो मागून आलेला. यात शॉर्टकट नेहमी चुकीचा असतो असं नाही. कधी कधी तोच योग्य असतो. पण चांगली टीम तो नोंदवून ठेवते : काय घेतलं, कुणाच्या वाट्यानं घेतलं. वाईट टीममध्ये ती नोंदच नसते, आणि फेडणाऱ्याला वाटत राहतं की आपणच संथ आहोत. घरात तक्रार करणाऱ्या बाईला आणि मुलाला नेमकं हेच वाटतं. बाहेर एवढं मोठं काम चाललेलं असताना आपण लॅपटॉपसाठी रडतो म्हणजे आपणच कोते.

*

याच्या उलट बाजूनं बोलणंही भाग आहे, नाहीतर हे लिखाण बाबांवरचा आरोप होऊन बसेल. प्रत्येक वेळी घराची परवानगी घ्यायची म्हटलं तर जगात एकही चांगलं काम सुरू झालं नसतं. घराची भूक संपत नाही. लॅपटॉपनंतर गाडी, गाडीनंतर फ्लॅट. ‘आधी आपलं, मग लोकांचं’ म्हणणाऱ्यांच्या आयुष्यात ते ‘मग’ कधी आलेलं मी पाहिलेलं नाही. माझ्या ऑफिसात माझ्यासकट सगळे तेच करतात. कुटुंबासाठी म्हणून आम्ही बारा-बारा तास घराबाहेर असतो, आणि आमच्या शोकसभेत ‘यांनी संसाराकडे पाहिलं नाही’ असं कुणी म्हणणार नाही, खरं असलं तरी. बाबा नव्हते तेव्हा ते निदान कुणाच्या तरी उशाशी होते.

शिवाय रात्री दोनला दारावर थाप पडते तेव्हा चर्चा करायची नसते. मी आठवीत असताना अशीच थाप पडली. शेतात फवारणी करताना एका माणसाच्या अंगात विष भिनलं होतं. त्याला मागे नीट बसता येईना, धरायला कुणीतरी हवं होतं, आणि त्याच्या घरी म्हातारी आई तेवढी होती. बाबांनी मला उठवलं. बाबा पुढे, मध्ये तो माणूस, मागे मी. त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घालून मी सेवाग्रामपर्यंत बसलो होतो. त्याच्या कपड्यांना औषधाचा वास येत होता. माझे हात बधिर झाले होते. पहाटे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

त्या रात्रीबद्दल माझ्या मनात एवढीशीही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता, तो वाईट गेला, त्याचीही नाही. कारण ते मी केलं होतं. नंतर मात्र बाबांनी मला कधी नेलं नाही. “तू अभ्यास कर,” म्हणायचे. ते माझ्या भल्यासाठी होतं हे मला कळतं. पण नई तालीमच्या गोष्टी सांगणाऱ्या त्या शिक्षकानं स्वतःच्या मुलाला मात्र जुन्याच पद्धतीनं, पुस्तकासमोर, कामापासून लांब ठेवून वाढवलं. कामाचा ताप घरात यायचा, काम यायचं नाही. लहान मुलाची संमती घेता येत नाही, हे खरं. त्याला मोटरसायकलवर मागे बसवता येतं.

हे सगळं मला आत्ताच का लिहावंसं वाटलं, तेही सांगून टाकतो. दीड वर्षापासून दर शनिवारी मी पुण्यात वस्तीतल्या मुलांना कोडिंग शिकवायला जातो. दोन तासांचं काम पाच तासांवर गेलं आहे. मुलं चांगली आहेत, त्यांना सोडवत नाही. गेल्या महिन्यात बायको म्हणाली, “तुझे शनिवार तू त्यांना दिलेस ते ठीक. माझे कधी दिलेस?” मी म्हणालो, “अगं, त्या मुलांना दुसरं कोण आहे?” वाक्य तोंडातून निघालं आणि ते मी कुठून आणलं हे मला कळलं. शब्द माझे, आवाज बाबांचा.

तिला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. शिकवणं सोडणार नाही, हे तिला ठाऊक आहे. सोड, असं ती म्हणालेलीही नाही. पण प्रश्न मी आता उलटा करून विचारला आहे : किती शनिवार देऊया? ‘देऊया’ म्हणताना मला जरा अवघडल्यासारखं झालं. ती म्हणाली, दोन. मी तीन मागितले. बोलणी चालू आहेत.

*

स्मरणिकेसाठीचा मजकूर शेवटी लिहून झाला. त्यात व्हरांड्यातले वर्ग आहेत, सात-बारा आहे, ती रात्र आहे. ‘बाबांनी संसाराकडे पाहिलं नाही’ हे वाक्य नाही. त्या जागी, नर्सिंगच्या फीचे तीस हजार आईच्या भिशीचे होते, असं लिहिलं आहे. छापायला देण्यापूर्वी फोनवर आईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती म्हणेल, माझं नाव कशाला. ती म्हणाली, “पेट्रोलचं बी लिही. दर महिन्याले पाचशे रुपये म्या डब्यात काढून ठेवो. रातच्याले कोनाले नेयाचं काम पडलं त असावे म्हनून.”

हे मला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं का, हे विचारायला आता ते नाहीत. मी पेट्रोलचं लिहिलं.